चिकणमातीचा कप आणि ११४ विकेट्स

'लगान'मधला कचरा आठवतोय? हात वाकडा, पण बॉल असा वळवतो की बॅट्समन बघतच राहतो. त्याच्यासारखा एक माणूस खरोखर होऊन गेला, आणि त्याची गोष्ट सिनेमापेक्षा भारी आहे. नाव पळवणकर बाळू.

जन्म १८७६, धारवाड. चर्मकार कुटुंब, वडील फौजेत. पुण्यात पारशी लोकांच्या क्लबात पिच झाडायचं, रोलर फिरवायचं काम, पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपये. तिथे कॅप्टन ग्रेगसारख्या तगड्या बॅट्समनना नेटमध्ये तासन्‌तास बॉलिंग करायची, बॅट मात्र हातात नाही. डावखुरी स्लो बॉलिंग तिथेच घडली, म्हणजे ज्यांनी त्याला शिकवायचं ठरवलं नव्हतं त्यांच्याच प्रॅक्टिसमधून!

मग हिंदू टीमला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळू टीममध्ये आले. मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावणार, पण टी टाइमला बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कपात. बाकीच्यांना चिनी मातीच्या. आता बोला.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या ८ विकेट्स. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली टीम इंग्लंडला गेली. टीम बऱ्याच मॅचेस हरली, पण पस्तिशीच्या बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट्स घेतल्या. लेस्टरशायरविरुद्ध तर एकाच मॅचमध्ये ११!

एवढं करूनही कॅप्टनपद? कधीच नाही. ते शेवटी १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

आता आपल्या नाशिककडे येतो. तरुणपणी बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंबद्दल फार अभिमान होता. पण १९३० मध्ये पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षं गेली, दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. बाळूंना ते पटलं नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाळू सुमारे २,००० मतांनी हरले.

मला इथे कोणाला चूक ठरवता येत नाही. एकाला वाटलं, चांगलं खेळत राहिलं की दार आतून उघडेल, कारण त्याच्यासाठी ते थोडं उघडलं होतं. दुसऱ्याने पाहिलं की एकासाठी उघडलेलं दार म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेलं दार नव्हे. 'टॅलेंट असेल तर कोणी अडवत नाही' हे वाक्य आपण ऑफिसात किती सहज बोलतो ना? बाळूंकडे १७९ फर्स्ट क्लास विकेट्स होत्या, सरासरी १५.२१. अडवलंच की!

१९५५ मध्ये ते गेले. पुढच्या वेळी गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी पोरं खेळताना दिसली, तर एखाद्या लेफ्टी स्पिनरला थांबून जरूर पाहा. आणि त्याला चहा पाजा, आपल्यासारख्याच कपात.