ध्वनिमुद्रिका, संग्राहक आणि कलावंताची स्वतःची प्रकाशनसंस्था

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाची साधने कोणती, असे विचारले असता शास्त्रग्रंथ, बंदिशींचे संग्रह, गायकांची चरित्रे व आठवणी यांचा उल्लेख प्रथम होतो. ध्वनिमुद्रिकेचे स्थान त्यानंतरचे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः विसाव्या शतकापुरते बोलावयाचे तर गायन प्रत्यक्ष कसे होते याचा पुरावा तिच्याशिवाय दुसरा नाही. परंतु ध्वनिमुद्रिका हा पुरावा म्हणून वापरावयाचा तर तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. ती कोणी काढली? ती कोणी जपली? आणि तिच्यावर मालकी कोणाची? या तीन प्रश्नांची उत्तरे जवळजवळ शंभर वर्षे तीन निरनिराळ्या मंडळींकडे होती : काढणारी व मालक कंपनी, जपणारा हौशी संग्राहक, आणि या दोहोंच्या बाहेर उभा असलेला गायक-वादक. ही फाटाफूट कशी झाली, ती भरून काढण्याचा मुंबईतील एक प्रयत्न कोणत्या स्वरूपाचा आहे, आणि त्या प्रयत्नाची मर्यादा कर्जत-खालापूरसारख्या प्रदेशात कशी दिसून येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. कंपनीचा काळ

ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गैसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यास हिंदी गायिकांची पहिली मोठी मुद्रणे केली. त्यांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गायन मावे. तासभर विस्तारणारा ख्याल या मापात बसवावयाचा म्हणजे काय ठेवावे व काय गाळावे याचा निर्णय गायकाला करावा लागे. अखेरीस गायक स्वतःचे नाव उच्चारीत असे. परदेशातील कारखान्यात मुद्रण ओळखता यावे एवढाच त्याचा मूळ हेतू होता. तथापि गौहरजानच्या मुद्रिकांमुळे तो उद्गार श्रोत्यांच्या स्मरणात गाण्याइतकाच राहिला.

या माध्यमाकडे सर्व कलावंत सारख्याच दृष्टीने पाहत नव्हते. उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) आणि पंडित भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाहीत. त्यांच्या गायकीचे अनुमान केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर कृष्णराव, बालगंधर्व अशा शिष्यांच्या गायनावरूनच करावे लागते. याउलट अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या अखेरच्या वर्षांतील ओडियन मुद्रिका घरोघर पोहोचल्या आणि किराणा गायकीची ओळख त्यांच्याच आवाजाने झाली. मुद्रिका असणे अथवा नसणे या एका गोष्टीने घराण्यांच्या पुढील कीर्तीत किती अंतर पडले, याचा स्वतंत्र अभ्यास होण्याजोगा आहे.

कंपनीच्या आत शिरून संगीताची बाजू सांभाळणारेही काही होते. भावगीतगायक गो. ना. जोशी (१९०९–१९९४) हे वकिलीचे शिक्षण घेतलेले. हिज मास्टर्स व्हॉइसमध्ये ध्वनिमुद्रण अधिकारी या नात्याने त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि अनेक बुजुर्गांना मुद्रणासाठी राजी केले. मात्र त्यांचे स्थान कंपनीच्या सेवकाचे होते. कोणाचे गायन काढावे हे ते सुचवीत. मुद्रिका बाजारात किती दिवस राहावी हे व्यापाराच्या हिशेबावर ठरे. याच सुमारास मुंबईत ‘यंग इंडिया’ या छापाच्या मुद्रिका निघू लागल्या. देशी भांडवलावरील या उद्योगाने अनेक नवख्या गायकांस संधी दिली. परंतु तेथेही मालक व्यापारी आणि कलावंत त्याचा पुरवठादार, हा संबंध बदलला नाही.

२. संग्राहकाचे कार्य

न खपणारी मुद्रिका कंपनी यादीतून काढून टाकी. लाखेची तबकडी ठिसूळ. घरातील जाणकार गेला की पेटीसकट भंगारात जाई. अशा तबकड्या मुंबईच्या चोरबाजारातून व जुन्या वाड्यांतून उचलून आणणारी हौशी माणसे नसती तर या काळाचा फार मोठा भाग नाहीसा झाला असता. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकातून या विखुरलेल्या माहितीस एकत्र स्थान मिळाले. ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकेल किनियर यांनी १९९४ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या भारतीय मुद्रणांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या विषयास कालानुक्रमाचा भक्कम पाया लाभला.

संग्राहकाचे काम केवळ साठवणुकीचे नाही. ते पाठचिकित्सेच्या जातीचे आहे. हस्तलिखिताच्या अभ्यासकास जसे पुष्पिका व लेखनिकाचे हस्ताक्षर, तसे त्यास तबकडीवर कोरलेला साच्याचा क्रमांक, यादीक्रमांक व कागदी चकतीचा रंग. चकतीवरील रागनाम चुकीचे असू शकते. रोमन लिपीतून आलेले नाव विकृत होते. एकच गायिका दोन छापांवर दोन नावांनी भेटते. भाषेच्या अभ्यासकास तर या चकत्या स्वतंत्र सामग्रीच होत. ‘बाई’, ‘मिस’, ‘मास्टर’ ही नावापुढील उपपदे व ‘आग्रेवाली’ यासारखी गावदर्शक विशेषणे यांवरून त्या काळी कलावंताचे सामाजिक स्थान कसे ठरविले जाई हे वाचता येते.

मुद्रिका किती लवकर दुर्मिळ होते याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविण्याच्या तबकडीसाठी केसरबाईंच्या भैरवीची निवड झाली. शिफारस रॉबर्ट ब्राऊन या संगीतज्ञाची होती. पण मुद्रिका बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत्-उपकरणांच्या दुकानात, मेजाखालील न उघडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. केसरबाईंचे निधन त्याच वर्षी झाले. सूर्यमालेबाहेर जाणारा हा आवाज पृथ्वीवर कंपनीच्या दफ्तरापेक्षा एका दुकानाच्या अडगळीत अधिक सुरक्षित राहिला होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

३. मालकीचा प्रश्न आणि २००३ चा प्रयोग

या अडचणींचे मूळ कायद्यात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क ते निर्माण करणाऱ्याकडे दिला. गायकाने गायिले, निर्मात्याने ‘निर्माण’ केले. प्रयोगकर्त्यास स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्याची मुदत प्रथम २५ वर्षे व १९९९ पासून ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने त्यास आपल्या नावाचा निर्देश होण्याचा व प्रयोगाची विटंबना रोखण्याचा नैतिक हक्कही मान्य केला. म्हणजे १९०२ पासून मोजल्यास पहिली ९२ वर्षे गायक या नात्याने गायकास कायद्यापुढे स्थानच नव्हते.

दुसरा बदल तांत्रिक होता. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि एका कंपनीची जवळजवळ संपूर्ण सत्ता मोडली. लहान उत्पादक सर्वत्र निघाले. लोकगीते, भक्तिगीते, कोळीगीते बाजारात आली. त्याबरोबर चोरट्या प्रतींचाही सुकाळ झाला. माध्यम स्वस्त झाल्याने मालकी कलावंताकडे येतेच असे नाही, हा या काळाचा धडा होय.

या पार्श्वभूमीवर तबलावादक डॉ. अनीश प्रधान व गायिका शुभा मुद्गल यांनी २००३ मध्ये ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ ही छोटी संस्था काढली. प्रधान हे निखिल घोष (१९१८–१९९५) यांचे शिष्य. घोष यांनी मुंबईत संगीतशिक्षणाची संस्था उभारून भारतीय संगीताच्या कोशाचे काम हाती घेतले होते. तेव्हा वादन आणि संशोधन एकाच छपराखाली नांदू शकतात हा संस्कार शिष्यास आयताच मिळाला. मुंबई विद्यापीठातून इतिहासात डॉक्टरेट मिळवून प्रधानांनी वसाहतकालीन मुंबईतील हिंदुस्थानी संगीतावर ग्रंथ लिहिला (२०१४). १८७० मध्ये स्थापन झालेली पारशी गायन उत्तेजक मंडळी, गायनसमाज, शाळा, मैफली यांच्या द्वारा संगीत दरबारातून शहरात कसे आले हे त्यात दाखविले आहे. मुद्गल यांची तालीम अलाहाबादची; १९९९ च्या ‘अब के सावन’ या लोकप्रिय संग्रहामुळे मोठ्या कंपन्यांची कार्यपद्धती त्यांनी जवळून पाहिली होती.

संस्थेचे वैशिष्ट्य असे की कंपनीच्या यादीची वाट न पाहता कलावंताने आपले मुद्रण स्वतः प्रसिद्ध करावे आणि आंतरजालावरून ते थेट श्रोत्यापर्यंत जावे, हे तिचे सूत्र आहे. ध्वनिमुद्रणांबरोबर तिने ग्रंथही काढले. प्रधानांचे तबल्यावरील पुस्तक (२०११) हे त्यांतीलच. २००९ पासून पुण्यात ‘बाजा गाजा’ हा उत्सव भरवून निरनिराळ्या परंपरांचे कलावंत, वाद्य बनविणारे कारागीर व श्रोते यांस एकत्र आणण्याचाही प्रयत्न झाला. व्यापाराच्या मापाने हे सारे लहान आहे. परंतु मुद्रण करणारा, त्याची माहिती नोंदविणारा आणि त्याचा धनी या तीन भूमिका येथे एकाच ठिकाणी येतात, आणि त्यामुळे राग, ताल, साथीदार यांचे निर्देश अचूक राहण्याची शक्यता वाढते. संग्राहकास पन्नास वर्षांनी जी चिकित्सा करावी लागते ती प्रकाशनसमयीच होऊन जाते.

४. कर्जत-खालापूरचा कस

हा प्रयोग कितपत पुरेसा आहे, याचा कस मुंबईत लागत नाही. त्यासाठी भोर घाटाच्या पायथ्याशी उतरावे लागते. कर्जत व खालापूर या अंतर्भागातील तालुक्यांत ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) ठाकरी व काथोडी बोलींचे नमुने आले. ल. ना. चापेकर यांनी सह्याद्रीतील ठाकरांवरील आपला ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे बोलीची नोंद झाली, चालीरीतींची झाली; गाणाऱ्याच्या नावासह त्याचे गाणे मात्र बाजारातील मुद्रिकेवर क्वचितच आले.

बहुसंख्य मराठी श्रोत्यांस ‘ठाकरांचे गाणे’ ठाऊक आहे ते ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटामुळे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची, गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. कलाकृती म्हणून तिचे मोल वादातीत आहे. पण इतिहासाचे साधन म्हणून ती ठाकरवाडीतील गायनाची जागा घेऊ शकत नाही. कारण तीत ठाकर हा विषय आहे, कर्ता नव्हे.

कायदा येथे अनपेक्षितपणे उदार आहे. १९९४ च्या दुरुस्तीत ‘प्रयोगकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत गायक, वादक व नर्तक यांच्याच ओळीत डोंबारी, जादूगार आणि गारुडीही बसविले आहेत, आणि प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती त्यात येते. सबब कांबड नाचात गाणारा ठाकर व केसरबाईंच्या परंपरेतील ख्यालगायक यांत कायदा भेद करीत नाही. भेद होतो तो साधनांत. शहरातील कलावंतास स्वतःची संस्था काढता येते. वाडीवरील गायकाचे मुद्रण बहुधा बाहेरचा अभ्यासकच करतो, आणि नोंदवहीत ‘कातकरी स्त्री, वय सुमारे ४०’ एवढेच लिहितो. तबकडीवर नाव उच्चारण्याची जी सोय १९०२ च्या गायिकेस मिळाली, तीही तिला मिळत नाही.

तेव्हा विद्यापीठीय क्षेत्रकार्यावर एक जबाबदारी येते. मुद्रणात गाणाऱ्याने आपल्या बोलीत सांगितलेले नाव, गाव व गीताचा प्रसंग असावा. त्याची संमती कोणत्या उपयोगापुरती आहे हे नमूद व्हावे. आणि एक प्रत वाडीकडे राहावी. मुद्रण करणारा, जपणारा व धनी यांतील अंतर कलावंताने स्वतः मिटवावे हा मार्ग अंडरस्कोरसारख्या संस्थेने दाखविला आहे. जेथे कलावंतास ते शक्य नाही तेथे अभ्यासकाने निदान ते वाढवू नये. अन्यथा चोरबाजारातील तबकड्यांवर जी चिकित्सा संग्राहकांनी केली, ती उद्या आपल्याच विभागांच्या फीतपेट्यांवर कोणाला तरी करावी लागेल, आणि तेव्हा नावे सांगणारे कोणी उरलेले नसेल.