सरसकट कर की चढता कर? नांदेड-लातूरची साक्ष

सर्वांकडून एकाच दराने प्राप्तिकर घ्यावा, की उत्पन्नाबरोबर कराचा दरही चढता ठेवावा, हा वाद केवळ अर्थशास्त्रज्ञांचा नाही. नांदेड आणि लातूर या भागाने त्याच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत.

ब्रिटिश हिंदुस्थानात प्राप्तिकर १८६० साली आला. नांदेड-लातूर मात्र निजामाच्या राज्यात होते. तेथे हैदराबाद प्राप्तिकर कायदा झाला तो १३५७ फसली, म्हणजे १९४७-४८ साली. तोवर तिजोरीची भिस्त मुख्यतः शेतसारा, अबकारी आणि जकात यांवर होती. सारा ठरे तो जमिनीच्या प्रतीवरून, मालकाच्या ऐपतीवरून नव्हे. चार एकरांच्या कुणब्याला आणि चारशे एकरांच्या धन्याला एकाच प्रतीच्या जमिनीचा दर सारखाच. पेढीवरच्या सावकाराच्या उत्पन्नावर मात्र प्राप्तिकर नव्हता. दर सारखा असूनही भार सारखा नसतो, हे येथे प्रथम दिसते.

त्या काळी उद्योगाला खरा आधार मिळाला तो दळणवळणाचा आणि भांडवलाचा. नांदेडला १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली, लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. १९२९ साली हैदराबाद सरकारने एक कोटी रुपयांचा औद्योगिक निधी उभारला. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीमुळे परिसरातल्या कापसाला गावातच गिऱ्हाईक मिळाले.

१ एप्रिल १९५० पासून भारताचा प्राप्तिकर येथेही लागू झाला. चढत्या दरांचा कळस १९७३-७४ मध्ये झाला. अधिभारासह सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपयेच हाती उरणार असतील, तर उत्पन्न दडवण्याचा मोह वाढणारच. चढत्या कराचे तत्त्व योग्य असले, तरी त्याचाही अतिरेक होऊ शकतो, हे आम्ही नाकारीत नाही.

१९७४ साली मागास जिल्ह्यांतील नव्या कारखान्यांना नफ्याच्या २० टक्क्यांवर दहा वर्षे सूट देणारी तरतूद आली. नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे त्या यादीत होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. तो स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ साली. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यात निदान दहा आणि विजेविना वीस कामगार असावेत, अशी अट होती. दोन-तीन माणसांनिशी तेलघाणा किंवा डाळीची चक्की चालविणारा त्यात बसत नव्हता. शिवाय ज्याला नफाच नाही, त्याला नफ्यावरील सवलतीचा उपयोग काय?

याच सुमारास १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १ एप्रिल १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून खेड्यातील खडी फोडणाऱ्या मजुराला काम मिळावे, हा त्यामागचा उदात्त हेतू. मात्र या कराची मर्यादा राज्यघटनेनेच बांधली आहे. पूर्वी वर्षाला २५० रुपये असलेली ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५०० रुपये झाली, आणि तीच आजही आहे. त्यामुळे महिना पंधरा हजार मिळविणारा कारकून आणि पंधरा लाख मिळविणारा अधिकारी सारखाच कर भरतात. आपल्या वेतनपत्रकावर हा आकडा दरमहा दिसतो. तो नीट पाहावा. सरसकट कराचा अर्थ तेथेच उमगतो.

आमच्या मते या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. माणसावरचा कर त्याच्या ऐपतीप्रमाणे चढता असावा, पण उद्यम खचेल इतका नसावा. स्थानिक उद्योजकाला आधार द्यायचा असेल, तर नफा झाल्यावरच्या सवलतीपेक्षा नफा होण्यापूर्वीचे भांडवल, रस्ता, वीज आणि बाजारपेठ अधिक मोलाची. धनवंताचा कर कमी केल्याने लहान कारागिराची भट्टी आपोआप पेटत नाही. आणि धनवंताला केवळ पिळल्यानेही ती पेटत नाही.