घरगुती सौर व पवन वीज : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्टा

घराच्या गच्चीवर किंवा आवारात ऊन आणि वारा यांपासून तयार केलेली, मुख्यतः त्याच घरात वापरली जाणारी वीज. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आणि तिच्या उत्तरेकडील चाकण औद्योगिक पट्ट्यात (खेड तालुका) ही वीज व्यवहारात जवळजवळ संपूर्णपणे सौर आहे.

हा परिसर सुमारे १८.६ अंश उत्तर अक्षांशावर येतो. म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण तितक्याच अंशांच्या कलाने बसवतात. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे शंभरेक चौरस फूट मोकळी गच्ची लागते. त्यातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज मिळते. उत्पादनाचा हा ठोकताळा इथेच तपासता येतो. चिखली येथील टाटा मोटर्सच्या कारखान्यात २०२१ साली मोटारींच्या वाहनतळावर ६.२ मेगावॅटचे सौर छप्पर उभे राहिले. ३०,००० चौरस मीटरांवरील या छपराचे अपेक्षित वार्षिक उत्पादन ८६.४ लाख युनिट सांगण्यात आले. भागाकार केला तर किलोवॅटमागे दिवसाला ३.८ युनिट येतात. यापेक्षा फार मोठा आकडा कोणी विक्रेता छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्याकडून हिशोब लिहून घ्यावा.

उत्पादन वर्षभर सारखे नसते. मार्च ते मे हे भरभराटीचे महिने. मात्र पॅनेल २५ अंश सेल्सिअसच्या वर जितके तापते, तितकी प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता ०.३ ते ०.४ टक्के घटते. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन बरेच उतरते. या पट्ट्याचा खास शत्रू म्हणजे धूळ : भोसरीच्या फाउंड्र्या, मोशी-चिखलीची बांधकामे, चाकणच्या रस्त्यांवरची अवजड वाहतूक. कोरड्या महिन्यांत पॅनेल नियमित धुतले नाही तर घट थेट बिलात दिसते. धुणे सकाळी लवकर करावे; तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

घरचा संच महावितरणच्या वाहिनीला नेट मीटरने जोडलेला असतो. दुपारची जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री तितकी परत घेता येते, उरलेली युनिटे पुढच्या महिन्याच्या खाती पडतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशोब मिटतो. राज्य वीज नियामक आयोगाचे याबाबतचे विनियम २०१९ चे आहेत. घरगुती वीजदर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. त्यामुळे सौर वीज आधी सर्वांत महाग टप्प्यातली युनिटे कापते, आणि जास्त वापराच्या घराचा खर्च लवकर वसूल होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे कमाल ७८,००० रुपये अनुदान ठरले. तीन किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी ३५० युनिटांच्या आसपास देतो. मध्यमवर्गीय कुटुंबाला तो बहुधा पुरतो.

गुरुवार हा इथल्या कारखानदारीचा साप्ताहिक सुटीचा दिवस, म्हणून वाहिन्यांच्या देखभालीसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी बंद ठेवतात. अशा वेळी गच्चीवर लख्ख ऊन असूनही साध्या सौर संचाच्या घरात पंखा फिरत नाही. बाहेरची वाहिनी बंद पडताच इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तसे झाले नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला धोका पोहोचेल. गुरुवारीही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाला स्पष्ट सांगितली गेलीच पाहिजे.

पवनवीज : वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. दोन मीटर व्यासाचे पात्यांचे चक्र सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात जेमतेम १२-१५ वॅट देते. एका एलईडी दिव्यापुरते. तोच वारा ६ मीटरचा झाला तर शंभर वॅटच्या वर जाते. पण उंच इमारतींच्या दाटीत वारा अडतो, भोवऱ्यांत फिरतो आणि यंत्राची कंपने स्लॅबमध्ये उतरतात. जूनपासून वारा वाढतो, ऊन घटते. कागदावर ही जोडी देखणी दिसते, पण शहरी गच्चीवर ती पैसे वसूल करून देत नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने पवनचक्क्या उभारल्या त्या सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर, हे पुरेसे बोलके आहे. घरासाठी छोटी पवनचक्की घ्यायचीच असेल तर ती मोकळ्या टेकडीवरच्या शेतघराला, तीही वर्षभर वारा मोजून झाल्यावर.

खरी अडचण गच्चीची आहे. वाकड, रावेत, पिंपळे सौदागर इथल्या सोसायट्यांत गच्ची सामाईक असते आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्या व सौर बंब आधीच बसलेले असतात. बंब काढून पॅनेल लावणे हा तोट्याचा सौदा, कारण पाणी तापवण्यात बंब कमी जागेत जास्त ऊन कामी लावतो. सोसायटीने लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरवर संच बसवणे सोयीचे. त्याला केंद्राचे किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

चाकणभोवती महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांत कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. स्लॅब घरमालकाचा, बिल भाडेकरूचे. मालकाला संच बसवण्याचे कारण नाही आणि भाडेकरूला अधिकार नाही, त्यामुळे ज्याला शंभर रुपयांची बचतही मोलाची, तोच योजनेबाहेर राहतो. एका गच्चीवरची वीज अनेक मीटरांवर वाटून देणारे व्हर्च्युअल नेट मीटरिंग केंद्राच्या योजनेला मान्य आहे. या खोल्यांसाठी ते वापरले गेले पाहिजे, आणि त्यात पुढाकार महावितरण व ग्रामपंचायतींनीच घ्यायला हवा. दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या कामगाराकडून अर्जाची अपेक्षा धरता येत नाही.