विजेचा शेजारधर्म

१५ नोव्हेंबर २०२४ या दिवशीं नेपाळांतील ४० मेगावॅट वीज भारताच्या भूमीवरून बांगलादेशांत पोंचली. करारांत ठरलेला हंगाम त्याच दिवशीं संपत असल्यामुळें हा प्रवाह अवघा एक दिवस चालला. बांगलादेशाच्या गरजेपुढें ही वीज म्हणजे समुद्रांतील थेंब. तिचें एवढें कौतुक कशाला, असें कोणास वाटेल. परंतु दक्षिण आशियांत एका देशाची वीज दुसऱ्याच्या मुलखांतून तिसऱ्याच्या घरीं जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. हा थेंब इतक्या उशिरां कां पडला, हें पाहिलें म्हणजे शेजारधर्म ही वस्तु किती दुर्मिळ आहे तें ध्यानांत येतें.

विजेचा व्यापार धान्याच्या व्यापारासारखा नाहीं. धान्य कोठारांत राहतें, सीमेवर अडवलें तरी आठ दिवसांनीं सोडतां येतें. वीज ज्या क्षणीं निर्माण होते, बहुतांशीं त्याच क्षणीं ती खर्चिली गेली पाहिजे. शिवाय दोन विद्युत्-जाळीं थेट जोडलीं कीं त्यांतील सर्व यंत्रें सेकंदास ५० आवर्तनें या एकाच तालावर फिरावीं लागतात. एकाचा ताल सुटला तर दुसऱ्यास झळ लागते. दक्षिण भारताचें जाळें उर्वरित देशाशीं असें एकताल झालें तें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं, आपल्या सोलापुराशीं रायचूर जोडणाऱ्या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनें! एका देशाच्या दोन भागांस जेथें एवढा काळ लागला, तेथें परक्या राज्यांची गोष्ट काय सांगावी? नेपाळ व भूतान हे आज भारताशीं एकताल आहेत. बांगलादेशाचा मुख्य सांधा मात्र निराळा आहे: बहरामपुराहून आलेली वीज भेरामारा येथें आधीं एकदिश करून मग पुन्हां तेथील तालावर चढवितात. २०१३ सालीं झालेली ही सोय म्हणजे हातांत हात न देतां केलेला व्यवहार होय.

नेपाळांत वीज आली ती आपल्या मानानें पुष्कळच लौकर. १९११ सालीं, चंद्र शमशेर राणांच्या अमदानींत, काठमांडूनजीक फर्पिंग येथें ५०० किलोवॅटचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें. परंतु तो प्रकाश मुख्यतः राण्यांच्या महालांपुरता होता. पुढें १९६६ सालीं हरिमान श्रेष्ठ यांनीं नेपाळच्या नद्यांतील जलशक्ति सुमारें ८३,००० मेगावॅट असल्याचा अंदाज केला, आणि तेव्हांपासून हा आंकडा नेपाळी माणसाच्या अभिमानाचा व खंतीचाहि विषय होऊन बसला.

खंतीचें मूळ जुनें आहे. १९५४ चा कोशी करार आणि १९५९ चा गंडक करार यांनीं बंधारे झाले, कालवे निघाले. परंतु जमीन आपली गेली आणि लाभ भारताचा झाला, ही भावना नेपाळांत खोल रुजली. भारतास पुराची भीति व सिंचनाची निकड होती हें खरें; तथापि दुर्बळ शेजाऱ्याच्या मनांतील शल्य सबळानें हिशेबांत धरावयाचें असतें, तें धरलें गेलें नाहीं. १९९६ च्या महाकाली करारांतील पंचेश्वर धरण अद्याप कागदावरच आहे, याचें एक कारण हा पूर्वसंचित अविश्वासच होय.

याच्या उलट भूतानची वाट. १९७४ च्या करारानें चुखा प्रकल्प हातीं घेतला गेला. भारतानें खर्चाचे ६० टक्के अनुदान म्हणून व ४० टक्के कर्जाऊ दिले, आणि उरलेली वीज विकत घेण्याचें वचन दिलें. ३३६ मेगावॅटचें हें केंद्र १९८६ ते १९८८ या काळांत चालू झालें. भूतानच्या राजकोषास त्यानें बळ आलें. येथेंहि एकाच ग्राहकावर अवलंबून राहण्याचा धोका आहेच. पण वचन पाळलें गेलें, म्हणून पुढचे प्रकल्पहि उभे राहिले.

नेपाळचे दिवस मात्र अंधाराचे आले. ऑगस्ट २००८ मध्यें कुसहा येथें कोशीचा बांध फुटला आणि भारतांतून वीज आणणाऱ्या वाहिनीचे मनोरेहि पुरांत गेले. त्या हिवाळ्यांत काठमांडूंत दिवसाचे सोळा-सोळा तास दिवे बंद असत. ऑक्टोबर २०१४ मध्यें उभय देशांत वीज-व्यापाराचा करार झाला. पण दुसऱ्याच वर्षीं सीमेवरची मालवाहतूक महिनोन् महिने खोळंबली. नेपाळ तिला नाकेबंदी म्हणतो, भारत सरकारनें तो आरोप नाकारला आहे. ती कोंडी सुटत असतांनाच, फेब्रुवारी २०१६ मध्यें, ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनी सुरू झाली. ज्या सीमेवर मालमोटारी अडल्या, त्याच सीमेवरून ८० मेगावॅट वीज नेपाळांत गेली!

मग चक्र फिरलें. नवीं केंद्रें उभीं राहिलीं आणि पावसाळ्यांत, नद्यांना पूर आला म्हणजे, नेपाळजवळ वीज शिल्लक पडूं लागली. नोव्हेंबर २०२१ मध्यें भारतानें आपल्या बाजारांत नेपाळची ३९ मेगावॅट वीज घेण्यास अनुमति दिली; ती ज्या त्रिशूली व देवीघाट केंद्रांची, तीं दोन्ही भारताच्याच साह्यानें बांधलेलीं होतीं. ज्या केंद्रास चीनचा पैसा वा हात लागला, त्याची वीज घ्यावयाची नाहीं हा भारताचा दंडक. पाण्याला जात नसते, पण पाण्यापासून निघालेल्या विजेचें गोत्र मात्र येथें विचारलें जातें! सुरक्षिततेचा विचार कोणत्याहि राष्ट्रास करावाच लागतो. तरी त्याची किंमत नेपाळला मोजावी लागते, हें विसरतां कामा नये.

आतां त्या थेंबाकडे वळूं. नेपाळ व बांगलादेश यांच्यामध्यें भारताची सिलिगुडीजवळची पट्टी अगदीं चिंचोळ्या ठिकाणीं सुमारें २२ किलोमीटर रुंद आहे. २०१८ सालीं त्या दोन देशांत विजेसंबंधीं सामंजस्य झालें. प्रत्यक्ष त्रिपक्षीय करारास ३ ऑक्टोबर २०२४ उजाडला. दर युनिटास ६.४ अमेरिकन सेंट, हंगाम १५ जून ते १५ नोव्हेंबर, मुदत पांच वर्षें. दोन महिन्यांपूर्वींच ढाक्यांत सत्ता उलथली होती. तरी करार झाला, आणि १५ जून २०२५ रोजीं वीज पुन्हां वाहूं लागली.

या इतिहासाचें तात्पर्य एवढेंच, कीं हिमालयांत पाण्याचा तुटवडा कधींच नव्हता. तुटवडा होता तो विश्वासाचा. हिवाळ्यांत नद्या आटल्या म्हणजे नेपाळला भारताची वीज लागते, पावसाळ्यांत त्याची वीज इतरांच्या उपयोगीं पडते. निसर्गानें हा देण्याघेण्याचा हिशेब आधींच मांडून ठेविला आहे. मध्यें उभ्या असलेल्या थोरल्या शेजाऱ्यानें वाट मोकळी ठेवावी, एवढाच प्रश्न आहे. आपल्या अंगणांतून दुसऱ्याचें पाणी जाऊं देणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानीत आले आहेत. विजेलाहि तोच न्याय लावण्याचें औदार्य आपण दाखविलें, तर त्यांत आपलेंहि हित आहे.