प्रलयानंतर उरलेली शरीरे

जग बुडाल्यानंतरच्या जगाची कथा सांगणाऱ्या चित्रपटांना मी येथे ‘प्रलयोत्तर’ चित्रपट म्हणणार आहे. त्यांचा इतिहास बहुधा १९५०च्या दशकातील हॉलिवुडपासून सांगितला जातो. माझ्या मते तो हिरोशिमापासून सांगायला हवा. हॉलिवुडच्या लेखी प्रलय ही कल्पनेची बाब होती. हिरोशिमात तो होऊन गेला होता, आणि त्यातून वाचलेली भाजलेली, आंधळी झालेली, रात्री दचकून उठणारी माणसे रस्त्यावर वावरत होती. या दोन आरंभांपैकी कोणता धरावा यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. कारण पंगू झालेले शरीर पडद्यावर माणूस म्हणून येते की निव्वळ खूण म्हणून, याचा निवाडा तिथेच होतो.

जपान अमेरिकेच्या ताब्यात होता त्या काळात, म्हणजे १९४५ ते १९५२ या वर्षांत, अणुबाँबच्या परिणामांविषयीच्या लेखनावर आणि चित्रणावर कडक नियंत्रण होते. ते उठताच, १९५२ मध्येच, मूळचे हिरोशिमाचे असलेले दिग्दर्शक कानेतो शिंदो यांनी ‘गेनबाकु नो को’ (अणुबाँबची मुले) हा चित्रपट केला. एक तरुण शिक्षिका आपल्या जुन्या बालवर्गातील वाचलेल्या मुलांचा शोध घेत शहरात परतते. तेथे तिला इवाकिची हा वृद्ध भेटतो. एकेकाळी तो तिच्या आईवडिलांकडे कामाला होता. आता चेहरा भाजलेला, दृष्टी जवळजवळ गेलेली, आणि उपजीविका भिकेवर. नातवाला माझ्याबरोबर पाठवा, असे ती सुचवते, आणि म्हातारा ते साफ नाकारतो. येथून पुढे चित्रपट या एकाच प्रश्नाभोवती फिरतो : ज्याच्याजवळ नातवाखेरीज काहीच उरलेले नाही, त्याने नातवाच्या भल्यासाठी तेही सोडावे काय? इवाकिचीचा चेहरा पाहून प्रेक्षक प्रथम दचकतो खरा. पण थोड्याच वेळात त्याचे लक्ष चेहऱ्यावरून उडून म्हाताऱ्याच्या हट्टावर खिळते. शिंदो यांनी साधलेली ही गोष्ट पुढे फार थोड्यांना साधली.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ आला. त्यातील शास्त्रज्ञ सेरिझावा याने युद्धात एक डोळा गमावला आहे. डोळ्यावर पट्टी बांधून तो प्रयोगशाळेत एकटा राहतो. राक्षसाला संपवणारा शोध त्याचाच, आणि त्या शोधाचे गुपित बरोबर घेऊन समुद्रतळाशी मरणारा तोच. जिच्याशी त्याचे लग्न ठरले होते ती धडधाकट नायकाच्या वाट्याला येते. चित्रपट मोठा आहे यात शंका नाही. परंतु पंगू माणसाने त्याग करावा आणि निरोगी जोडप्यासाठी वाट मोकळी करून द्यावी, हा पुढे घासून गुळगुळीत झालेला साचा येथे तयार झालेला दिसतो.

आता १९५५ हे एकच वर्ष पाहू. त्या मे महिन्यात हिरोशिमातील पंचवीस तरुण स्त्रियांना भाजल्याच्या व्रणांवरील शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कला नेण्यात आले. ११ मे रोजी ‘धिस इज युअर लाइफ’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांचे पाठीराखे, रेव्हरंड कियोशी तानिमोतो यांना बोलावण्यात आले होते. त्यांच्यासमोर कोणाला आणून उभे करावे? हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाच्या सहवैमानिकाला! त्या स्त्रियांपैकी दोघी त्याच कार्यक्रमात होत्या; पण अर्धपारदर्शक पडद्याआड, केवळ सावलीच्या रूपात. प्रेक्षकांना त्यांचे चेहरे दिसू नयेत अशी योजना होती. त्याच वर्षाच्या ‘डे द वर्ल्ड एंडेड’ या रॉजर कॉर्मन यांच्या चित्रपटात मात्र किरणोत्सर्गाने तीन डोळ्यांचा झालेला प्राणी मजेत मिरवतो. तो मूळचा नायिकेचा वाग्दत्त वर असावा असे सूचित केले आहे. शेवटी स्वच्छ पाऊस पडतो आणि त्यात तो मरतो. खरा चेहरा सावलीत ठेवायचा आणि रबरी चेहरा तिकीट लावून दाखवायचा, हा व्यवहार कोणी कट करून ठरवला असेल असे नाही. परंतु दोन्ही गोष्टी एकाच समाजात, एकाच वर्षी घडल्या, हे विसरता येत नाही.

पुढची पंधरावीस वर्षे या रबरी चेहऱ्यांचीच आहेत; त्यांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. ‘ऑन द बीच’ (१९५९) मध्ये किरणोत्सर्गाने सारे जग मरते, पण रस्त्यावर एकही प्रेत नाही की अंगावर एकही व्रण नाही. ‘द ओमेगा मॅन’ (१९७१) मध्ये पांढरीफटक त्वचा आणि प्रकाश न सोसणारे डोळे ही दुष्टांची ओळख ठरते. देहातील व्यंग म्हणजे मनातील व्यंग, ही समजूत अर्थातच अणुयुगाची नव्हे. दूरदर्शनवरील ‘महाभारत’ मालिकेतला लंगडत चालणारा शकुनी आठवावा. त्या लंगडण्याने त्याचे कपट प्रेक्षकांना संवादाआधीच कळत असे.

याहून अवघड प्रकरण प्रामाणिक चित्रपटांचे. बीबीसीचा ‘थ्रेड्स’ (१९८४) हा शेफील्ड शहरावरील अणुहल्ल्याची आणि पुढील तेरा वर्षांची कथा जवळजवळ अहवालाच्या कोरडेपणाने सांगतो. हल्ल्याच्या वेळी आईच्या पोटात असलेली जेन मोठी होते ती मोडक्यातोडक्या भाषेनिशी. अखेरीस ती स्वतः बाळंत होते, कापडात गुंडाळलेले बाळ पाहते, किंचाळण्यासाठी तोंड उघडते आणि चित्र गोठते. बाळ आपल्याला दाखवलेले नाही. दृश्य विसरता येत नाही हे खरेच. पण प्रलयाच्या भीषणतेचा अंतिम पुरावा म्हणून येथेही नवजात अर्भकाचे न पाहवणारे शरीरच वापरले आहे. वस्तुस्थिती अशी, की हिरोशिमा-नागासाकीत स्फोटाच्या वेळी गर्भात असलेल्या काही मुलांत डोके लहान राहणे व बौद्धिक वाढ खुंटणे आढळले. परंतु वाचलेल्यांना पुढे झालेल्या अपत्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे दीर्घकाळच्या पाहण्यांतून निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. म्हणजे जेनचे खुंटणे विज्ञानाला धरून आहे; तिच्या बाळाबाबत तसे ठामपणे म्हणता येत नाही. हा काथ्याकूट नव्हे. याच भीतीमुळे ‘हिबाकुशा’ म्हणजे बाँबपीडित म्हणवल्या गेलेल्या माणसांची लग्ने मोडली, आणि अनेकांनी आपण त्या दिवशी कोठे होतो हे जन्मभर लपवले.

ही लपवाछपवीच शोहेई इमामुरा यांच्या ‘कुरोई आमे’ (काळा पाऊस, १९८९) या चित्रपटाचा विषय आहे. मासुजी इबुसे यांच्या कादंबरीवरचा हा कृष्णधवल चित्रपट. यासुको नावाच्या मुलीच्या अंगावर त्या दिवशी काळा पाऊस पडला होता. पाच वर्षांनी तिला स्थळे येतात आणि परत जातात. मुलगी शहरापासून दूर होती हे पटवण्यासाठी तिचा मामा तिची रोजनिशी उतरवून काढायला बसतो. मुलीच्या लग्नाची ही धडपड, मध्यस्थांची ती गुळमुळीत भाषा, मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. याच गावात युइची हा माजी सैनिक राहतो. मोटारीच्या इंजिनाचा आवाज आला की त्याला शत्रूचा रणगाडा दिसतो, आणि तो धावत जाऊन चाकांखाली झोकून देतो. एरवी तो शांतपणे दगडाच्या मूर्ती घडवत असतो. गावाला त्याची सवय झाली आहे. त्याची समजूत कशी काढायची हे सर्वांना ठाऊक आहे. मनावरच्या आघाताचे याहून अचूक चित्र मला प्रलयोत्तर चित्रपटांत अन्यत्र आढळले नाही. येथे आघात म्हणजे नायकाच्या डोक्यात चमकून जाणारी दृश्ये नव्हेत. गावाने मिळून सांभाळायची ती एक रोजची बाब आहे. यासुको आजाराने कोसळते तेव्हा तिला गाडीत घालून घेऊन जाणारा युइचीच असतो, आणि त्या गाडीचे इंजिन चालू असते.

ऑस्ट्रेलियातील ‘मॅड मॅक्स’ मालिकेचे दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे पेशाने डॉक्टर. सिडनीतील रुग्णालयात त्यांनी रस्त्यावरील अपघातांच्या जखमा पाहिल्या होत्या. म्हणूनच की काय, त्यांच्या नायकाची दुखापत पुढच्या भागात आपोआप बरी होत नाही. १९७९च्या चित्रपटात मॅक्सच्या गुडघ्यात गोळी लागते, आणि १९८१च्या दुसऱ्या भागात तो पायाला लोखंडी आधार बांधून लंगडतो. त्याच भागात पाय निकामी झालेला मिस्त्री यारीला टांगून घेऊन सगळ्या वाहनांची कामे करून घेतो, आणि कोणालाही त्यात नवल वाटत नाही. ‘फ्यूरी रोड’ (२०१५) मधील फ्युरिओसाचा एक हात कोपराखाली नाही. तो कसा गेला हे कोणी विचारत नाही, ती सांगत नाही. नेम धरताना ती मॅक्सच्या खांद्यावर बंदूक टेकवते, एवढेच. पण याच चित्रपटात जुलमी राजाच्या अंगावर फोड आहेत, त्याच्या एका मुलाची हाडे ठिसूळ आणि देह लहानखुरा आहे. राजाला निर्दोष देहाचा वारस हवा आहे, ही त्याची दुष्टता म्हणून दाखवली जाते, आणि ती दाखवताना कॅमेरा स्वतः मात्र सदोष देहांकडे बोट दाखवत राहतो. त्या मुलाची भूमिका करणारे क्वेंटिन केनिहन हे स्वतः ठिसूळ हाडांच्या विकारासह जगलेले आणि अपंगांच्या हक्कांसाठी बोलणारे होते; २०१८ मध्ये ते वारले. २०२४च्या ‘फ्युरिओसा’ मध्ये हात कसा गेला याचा सविस्तर खुलासा झाला. थरारक आहे, पण आधीचे न विचारणे मला अधिक मोलाचे वाटते.

‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) मध्ये आवाजावर झेपावणाऱ्या प्राण्यांपासून एक कुटुंब वाचते, कारण मुलगी बधिर असल्याने घरात सर्वांना खुणांची भाषा आधीपासून येते. ही भूमिका मिलिसेंट सिमंड्स या बधिर अभिनेत्रीनेच केली आहे. शेवटी तिच्या कानातल्या यंत्राचे शस्त्र बनते. पटकथेची ती सोय झाली. मला त्याआधीचा प्रसंग लक्षणीय वाटतो. बाप रात्र रात्र तळघरात बसून तिच्यासाठी यंत्रे जुळवत असतो. एकही चालत नाही. तो आणखी एक घेऊन येतो, आणि ती हातांनीच त्याला सांगते : आता पुरे.