खण, चटई आणि खोली

कोकणातील जुने घर किती मोठे, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर फुटांत मिळत नसे. ते खणांत मिळे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. तीन खणी घर बेताचे, पाच खणी घर खाऊनपिऊन सुखी माणसाचे. जपानातही घर असेच खांबांच्या अंतराने मोजीत आणि त्या अंतरास ‘केन’ म्हणत. (उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती लढविणाऱ्या हौशी मंडळींनी येथे हात आवरता घ्यावा.) 1891 च्या कायद्याने केनाची लांबी सुमारे सहा फूट ठरली. तातामी नामक चटईची लांबीही जवळपास तेवढीच, रुंदी तिच्या निम्मी; थोडक्यात, निजलेल्या मनुष्याचे माप. म्हणून तेथे खोली ‘सहा चटयांची’ किंवा ‘साडेचार चटयांची’ म्हणून ओळखली जाते.

आता मौज पाहा. पूर्व जपानातील लहान मापाच्या सहा चटया अंथरल्या म्हणजे बरोबर शंभर चौरस फूट जागा व्यापते. मुंबईच्या चाळीतील ‘दहा बाय दहा’ ती हीच! खेड, दापोली, चिपळूण या तालुक्यांतील हजारो माणसे गिरण्यांत कामास गेली, ती अशाच खोल्यांत राहिली. गावकऱ्यांनी मिळून एक खोली घ्यावयाची, पाळीवर जाणाऱ्याची वळकटी गुंडाळावयाची आणि पाळीवरून आलेल्याने आपली पसरावयाची. माप एक असले तरी ते निघाले कशातून, हे निराळे. चटईचे माप माणसाच्या देहातून आले. चाळीच्या खोलीचे भाड्याच्या हिशेबातून. चूल, मोरी, पाण्याचे पिंप, ट्रंका आणि आजारी माणूस या सर्वांची सोय त्याच शंभर फुटांत करावयाची असे.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळी, 1920 साली, स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे 207 चाळी उभारल्या. तेथील खोली 160 चौरस फुटांची, आणि शौचकूप सामायिक.

शाळेची गोष्ट याहून बोलकी आहे. आपल्या गावशाळेत मुले तरटाच्या पट्टीवर बसत, पाटी मांडीवर. जपानच्या जुन्या पाठशाळांतही मुले जमिनीवरच बसत, मात्र पुढे बुटके मेज असे. 1872 च्या शिक्षणव्यवस्थेनंतर तेथे खुर्च्या-मेजे आली. 1952 साली त्यांची राष्ट्रीय प्रमाणे ठरली आणि मुलाची उंची पाहून मेजाचा क्रमांक देण्यात येऊ लागला. मेजाचा पृष्ठभाग 40 गुणिले 60 सेंटिमीटर होता, तो 1999 साली 45 गुणिले 65 करण्यात आला, कारण वह्यापुस्तके मोठी झाली होती.

उंची आपल्याकडेही पाहत. खेड तालुक्यातील शेरवली येथे 1858 साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे 1875 साली मुरुडहून पायी साताऱ्यास परीक्षेला गेले. ते वयाने लहान दिसतात, एवढ्यावरून त्यांस बसू दिले नाही! पुढे याच गृहस्थांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, आणि तीतून स्फूर्ती घेऊन त्यांनी 1916 साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले. 1930 साली ते स्वतः जपान पाहून आले.

युद्धात बेचिराख झालेल्या जपानने 1955 साली गृहनिर्माण महामंडळ काढले. त्याची आरंभीची बिऱ्हाडे सुमारे साडेचारशे चौरस फुटांची होती. त्यांच्या रचनेत एक तत्त्व पाळलेले होते : जेवावयाची जागा निजावयाच्या जागेहून वेगळी असावी. वरळीच्या चाळींच्या जागी उठलेल्या इमारतींतील 500 चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या 556 किल्ल्या रहिवाशांस मिळाल्या त्या ऑगस्ट 2025 मध्ये. तोवर त्या खोल्यांत शंभर वर्षे, पाने उचलली की त्याच जागी अंथरुणे पडत होती. खेडच्या पाच खणी घरातून आलेल्या सुनेस माजघर आणि स्वयंपाकघर हा भेद मात्र कोणी शिकवावा लागला नव्हता.