केबलच्या भाड्यातली मराठी वाहिनी

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मराठी दूरचित्रवाणी आधी अँटेनावर फुकट दिसत होती. नंतर ती केबलच्या महिन्याच्या भाड्यात मिळू लागली, आणि २०१९ पासून तिच्यातल्या लोकप्रिय वाहिन्यांचे पैसे वेगळे मोजावे लागू लागले.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. जिल्ह्यांच्या गावी चित्र पोचले ते मुख्यतः ऐंशीच्या दशकात, लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले तेव्हा. अशा प्रक्षेपकाचा पल्ला फार तर वीस-पंचवीस किलोमीटरचा. नगर मात्र क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा. त्यामुळे शहरात स्वच्छ दिसणारे चित्र अकोले किंवा जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर दिसेलच, असे नव्हते.

१९९१ मध्ये स्टार आणि १९९२ मध्ये झी आल्यावर महाराष्ट्रातल्या लहान शहरांतही केबलवाल्यांच्या छत्र्या गच्च्यांवर उभ्या राहिल्या. भाडे एकच, वाहिन्या सगळ्या सारख्या. दराच्या पायऱ्या नव्हत्या, पण क्रम होता आणि तो केबलवाल्याच्या हातात होता. जुन्या संचांवर मोजक्याच वाहिन्या नीट लागत. वरच्या कंप्रतेवर टाकलेली वाहिनी अनेक घरांत दिसतच नसे. म्हणून वाहिनी तारेत आहे की नाही, यापेक्षा ती कितव्या जागी आहे याला मोल आले.

१९९५ च्या केबल कायद्याने केबलचालकाला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायला लावली आणि दूरदर्शनच्या दोन वाहिन्या दाखवणे सक्तीचे केले. २००० च्या दुरुस्तीने त्यांत एका प्रादेशिक वाहिनीची भर घातली आणि या वाहिन्या पहिल्या पट्ट्यातच हव्यात, असे बजावले. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव त्याच वर्षी मिळाले. अल्फा मराठी (१९९९) आणि ई टीव्ही मराठी (२०००) यांना असे संरक्षण नव्हते, आणि तेव्हा त्याची गरजही भासली नाही. मराठी घरात त्या बंद ठेवून धंदा करणे कोणत्याही केबलवाल्याला परवडले नसते.

खरी गावची वाहिनी निराळीच होती. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममधून जुने चित्रपट, गणपती विसर्जनाची मिरवणूक, मतमोजणीचे आकडे आणि क्लासेसच्या जाहिराती दाखवणारी ती वाहिनी भाड्यातच मिळे. कायद्याच्या सक्तीच्या यादीत मात्र ती कधीच नव्हती.

डिजिटल बदलात मुंबई २०१२ मध्ये आणि पुणे, नाशिक २०१३ मध्ये आले. नगर शहर, संगमनेर, श्रीरामपूर ही शहरे तिसऱ्या टप्प्यात होती, त्याची मुदत डिसेंबर २०१५ ची. खेडी चौथ्या टप्प्यात गेली, आणि ती मुदतही पुढे ढकलत मार्च २०१७ वर आली. यात सेट टॉप बॉक्स आला तो ग्राहकाला दिसला. केबलवाल्याचे काय गेले ते दिसले नाही. संकेत आता मोठ्या वितरकाच्या हेडएंडवर, म्हणजे वाहिन्या गोळा करून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर, कुलूपबंद होऊन निघू लागला. ज्याच्याकडे स्वतःचा हेडएंड नव्हता, त्या गल्लीतल्या चालकाला मधेच आपली वाहिनी जोडणे शक्य उरले नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१७ ची दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, ही मूळ आकारणीची कमाल मर्यादा ठरली. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या त्याच शंभरात मोजल्या जात. बाकी जागांत ग्राहकाने निःशुल्क किंवा सशुल्क वाहिन्या निवडायच्या, मात्र सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी. गठ्ठ्यात देता येणाऱ्या वाहिनीची किंमत जास्तीत जास्त १९ रुपये, आणि झी मराठीने नेमकी तीच लावली. हवी तेवढीच वाहिनी घ्या, असे सांगणारी ही पद्धत प्रत्यक्षात पुन्हा गठ्ठ्यांवरच आली, कारण एकेक घेतलेली वाहिनी गठ्ठ्यातल्यापेक्षा महाग पडे. अमेरिकेत १९९२ च्या केबल कायद्याने स्थानिक प्रक्षेपण केंद्रे सर्वांत स्वस्त पायरीवर ठेवणे बंधनकारक केले होते. भारतात ते बंधन सरकारी वाहिन्यांपुरतेच राहिले. महाराष्ट्रात मराठी मालिका हा वरचा खर्च ठरला, हे या रचनेचे सर्वांत विचित्र फळ.

वस्त्यांवर, जिथे दोन घरांमध्ये शेते पसरलेली असतात आणि तार ओढणे परवडत नाही, तिथे डिशचाच आधार होता. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या फुकट डिशला मासिक भाडे नाही. तिच्यावर सह्याद्री दिसते, पण मोठ्या समूहांच्या प्रमुख मराठी वाहिन्या सशुल्कच राहिल्या.

२०२० च्या दुरुस्तीने १३० रुपयांत २०० वाहिन्या देऊन सक्तीच्या वाहिन्या त्या मोजणीबाहेर काढल्या. गावच्या वाहिनीसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली: वितरकाने प्रत्येक वाहिनीची एक हजार रुपये भरून नोंदणी करायची, आणि अशा वाहिन्या त्याच्या एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. गावची वाहिनी दाखवावीच असे बंधन वितरकावर अजूनही नाही.